48 मिनिटांची सुट्टी

दादानं, आमच्या माडीवरच्या बंगाली कारागिरानं, सुट्टी मागितली तेव्हा मी काट्यापाशी होतो. काट्यावर माल असताना गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, कुणी कुणाशी बोलत नाही. पंख्याचा वारा लागला तरी आकडा हलतो, आणि आकडा हलला की गिऱ्हाइकाचं मन हलतं. दादाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "मालिक, शुक्रवार को आधा दिन चाहिए."

ही 2024 च्या नवरात्रातली गोष्ट. शुक्रवार म्हणजे 11 ऑक्टोबर, त्यांची अष्टमी. दुसऱ्या दिवशी दसरा. आठ ठुश्या, दोन साज आणि एक चपलाहार द्यायचा बाकी होता. मी मान वर न करता म्हणालो, "रात्री जा की. रात्रभर जा. दुपारी काय आहे?"

"दोपहर में ही है. बारा के आसपास. बाद में नहीं होता."

"देवाला काय घड्याळ असतंय का?" असं म्हणून मी काट्याकडं वळलो. दादा वर गेला. दुपारी बारा वाजता वरून हातोडीचा आवाज येत होता, तो मला ऐकू आला होता, आणि बरं वाटलं होतं. हे इथं लिहून ठेवतो.

आमचं दुकान तिसऱ्या पिढीचं. वडिलांच्या वेळी कारागीर इथलेच, सोनार गल्लीतले. त्यांची पोरं शिकली, बँकेत गेली, पुण्याला गेली. मग बंगाली पोरं आली. आता गुजरीत कुठल्याही माडीचा जिना चढा, वर मांडी घालून बसलेली पाच-सात पोरं, समोर लाकडी पाट, गॅसची ज्योत आणि मोबाईलवर बारीक आवाजात बंगाली गाणी. माझ्याकडं सात जण आहेत. चार दासपूरचे, पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातले. दासपूर-घाटाल भागातनं देशभरच्या सराफ बाजारांत पोरं जातात, जशी आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली तशी. दोघं हुगळीचे, एक हावड्याचा. सातांतले दोघं मुसलमान. दादा सगळ्यांत मोठा, 26 वर्षं कोल्हापुरात. आमच्या मंडळींशी तो चक्क मराठी बोलतो, शिव्या तर अस्सल मंगळवार पेठेतल्या देतो. माझ्याशी मात्र हिंदी. का, तर पहिल्या दिवशी मीच त्याच्याशी हिंदीत सुरुवात केली आणि ते तसंच राहिलं.

पहिल्या वर्षी तो म्हणाला, "देश जाना है." मला वाटलं, ह्याला परदेशी जायचंय. नंतर कळलं, बंगालीत देश म्हणजे आपलं गाव, मूळ. आपल्याकडं नाही का कोकणातला माणूस घाट चढला की 'देशावर गेला' म्हणतात, तसा हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. दादाचा देश पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं हावडा, तिथनं लोकल, तिथनं बस. वर्षातून एकदा. येताना मोहरीच्या तेलाचा डबा. त्या तेलाच्या वासावरनं आमच्या मंडळींनी पहिली पाच वर्षं जिन्याचं दार लावून घेतलं होतं.

आणखी एक आठवण, त्याच नवरात्रातली. 3 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. मी पेढे आणले. वर पाठवले तर पोरं मोबाईल दाखवत खालीच आली. त्याच यादीत बंगालीही होती. मग काय, एकाच पुड्यातले पेढे दोन भाषांना. दादानं मला भरवला, मी त्याला भरवला, फोटो काढला. तो फोटो अजून दुकानात आहे. आठ दिवसांनी अष्टमी आली.

*

फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही दोघं लंडनला लेकीकडं गेलो. ती तिथं इस्पितळात नर्स आहे, जावई संगणकावर कायतरी करतात, मला अजून नीट कळलेलं नाही. घर पूर्व लंडनमध्ये, व्हाइटचॅपलजवळ. पहिल्या दिवशी भुयारी स्टेशनातनं बाहेर पडताना नावाची पाटी बघितली आणि थांबलोच. इंग्रजीच्या जोडीला बंगालीत 'व्हाइटचॅपल'. मला बंगाली वाचता येत नाही, पण दादाच्या माल नोंदायच्या वहीमुळं अक्षरं ओळखीची झालीत. बाहेर रस्त्याला लागून बाजार, अगदी आपल्या लक्ष्मीपुरीसारखा: दुधी, पडवळ, लाल माठ, आणि माणूसभर उंचीच्या फ्रीजरमध्ये लाकडासारखे कडक मासे. मंडळी म्हणाल्या, "अहो, हे लंडन आहे का हुगळी?"

दोन्ही नव्हे, हे मला हळूहळू कळलं. ती पाटी 2022 मध्ये लागली. टॉवर हॅम्लेट्स नावाच्या त्या भागात 2021 च्या जनगणनेनुसार शंभरातले जवळजवळ 35 लोक बांगलादेशी मुळाचे आहेत, आणि त्यातले बहुतेक एकाच भागातले, सिल्हेटचे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साठी ओलांडलेले एक चाचा बसायचे. मी माझी सगळी गुजरीतली बंगाली गोळा करून विचारलं, "दादा, भालो आछेन?" चाचा हसायला लागले. "कोलकाता से?" म्हणाले. मी म्हटलं, कोल्हापूर. त्यांना ते कोलकात्याचंच उपनगर वाटलं असावं. मग त्यांनी मला शिकवलं, आमच्यात 'बाला नि?' म्हणायचं. भालोतला भ गेला, बाला झाला. सिल्हेटी बोलणं ढाक्याच्या माणसालाही पटकन कळत नाही म्हणे. आमचं 'काय करायलाईस' पुण्यातल्या पाहुण्याला जसं उलगडून सांगावं लागतं, त्याच्याहून बरंच पुढचं प्रकरण. पूर्वी तिची स्वतःची लिपीही होती, सिल्हेटी नागरी. आपल्या नागरीची कुणीतरी लांबची बहीण. चाचांनी एका जुन्या पोथीचा फोटो दाखवला, मला दोन-तीन अक्षरं ओळखल्यासारखी वाटली.

चाचांचे वडील आगबोटीवर कोळसा ओढायचे. सिल्हेट समुद्रापासून लांब, पण नद्यांचा मुलूख. तिथली माणसं होड्यांतनं कोलकात्याच्या बंदरात यायची, तिथं सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्यांना बोटीवर भरती करायचा. हा सारंग म्हणजे आपल्या कोकणातलाच शब्द. इंजिनाच्या भट्टीपुढं महिनोन्महिने काढून काही जण लंडनच्या गोदीत उतरायचे ते परत बोटीवर चढायचेच नाहीत. उतरलेल्यानं भावाला बोलवायचं, भावानं मेहुण्याला. 1947 मध्ये सार्वमत होऊन सिल्हेट पूर्व पाकिस्तानात गेलं, कोलकाता परमुलूख झालं, पण लंडनची वाट चालूच राहिली. सिल्हेटमध्ये अशा घरांना आजही 'लंडनी' म्हणतात, गावात बंगला, आत कुलूप. हे ऐकून मला आमच्या बाजूच्या काही गावांतली दुबईवाल्यांची घरं आठवली. माणसं थोडी, फरशी भारी.

चाचा 1973 साली चौदाव्या वर्षी वडिलांकडं आले. दादाही चौदाव्या वर्षीच दासपूरहून निघाला होता, आधी मुंबईत झवेरी बाजार, मग इथं. चाचांनी आधी चामड्याच्या जाकिटांच्या कारखान्यात काम केलं, मग हॉटेलात कांदे सोलले, मग तंदूरवर, मग स्वतःचं हॉटेल, आता किराणा. इंग्लंडमधली 'इंडियन' म्हणून जी हॉटेलं ओळखली जातात त्यातली बरीचशी ह्या लोकांची. मी विचारलं, पाटीवर 'बांगलादेशी' का नाही लिहीत? म्हणाले, गिऱ्हाइकाला जे नाव येतं ते लिहायचं. ह्यावर सराफानं काय बोलावं? 'कोल्हापुरी साज' म्हणून मी विकतो त्यातली पानडी दासपूरचा पोरगा घडवतो.

*

20 फेब्रुवारीच्या रात्री अकरा वाजता चाचांचा मुलगा दारात आला. "अंकल, अब्बा बोलले, यायचं असेल तर चला." थंडी अशी की दात वाजत होते. लेक नको म्हणत होती, मी कानटोपी घालून निघालो.

जवळच एक बाग आहे, अल्ताब अली पार्क. तिथं पांढरा शहीद मिनार आहे, ढाक्यातल्या मिनाराची लहान प्रतिकृती, 1999 मध्ये उभारलेली. मधला उंच खांब वरनं पुढं झुकलेला, ती आई. दोन्ही बाजूंना लेकरं. मागं लाल गोल, सूर्याचा. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात पोरांनी बंगालीसाठी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळ्या घातल्या. रफीक, बरकत, जब्बार, सलाम अशी नावं. रात्री बाराला एक मिनिट झाला की फुलं वाहायची. बागेत शेकडो माणसं, हातात फुलांची चक्रं, प्रत्येक चक्रावर गावाचं नाहीतर मंडळाचं नाव, आणि आमच्या तालमींच्या मिरवणुकीत पुढं जाण्यावरनं होते तशी थोडी ढकलाढकल. त्यामुळं मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पायरीशी काही जणांनी बूट काढले. मीही काढले. दगड बर्फासारखा.

मग सगळ्यांनी ते गाणं म्हटलं, एकवीस फेब्रुवारीचं. शब्द लिहिणारे अब्दुल गफ्फार चौधरी 1974 पासून लंडनलाच राहत होते, 2022 मध्ये तिथंच वारले. दफन मात्र ढाक्यात झालं.

गर्दीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरांच्या कोटाखाली हॉटेलातला पांढरा शर्ट होता, मसाल्याचा वास येत होता. चाचा म्हणाले, "रात्री बाराचा मुहूर्त आमच्या धंद्याला बरा. अकराला किचन बंद, साडेअकराला बस." मग त्यांनी सांगितलं की आमची लग्नं सोमवारी होतात. शुक्रवार-शनिवार हॉटेलं भरलेली, त्या दिवशी लग्न ठेवलं तर निम्मी वरात तंदूरपाशी. म्हणून सोमवार, मंगळवार. गोरी माणसं विचारतात, सोमवारी काय पवित्र असतं का तुमच्यात? चाचा म्हणतात, हो.

मी परत येताना गप्प होतो. बसमध्ये मनात हिशोब चाललेला. ह्यांच्या मालकांनी ह्यांना काय म्हटलं असेल? आणि बहुतेक मालक ह्यांच्यातलेच, ते रात्री बाराला बागेत बरोबर उभे.

ह्या दिवसाचं आणखी एक मला तिथंच कळलं. 21 फेब्रुवारी जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळतात, त्याची खटपट ढाक्यातनं सुरू झालेली नाही. कॅनडात, व्हँकुव्हरला राहणाऱ्या दोन बांगलादेशी माणसांनी सुरू केली. त्यांची नावं रफीकुल इस्लाम आणि अब्दुस सलाम. 52 च्या रफीक-सलामचीच नावं जणू. 1998 मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना पत्र धाडलं, 17 नोव्हेंबर 1999 ला युनेस्कोनं दिवस जाहीर केला. बागेतल्या त्या एकवीस तारखेनंतर सहा दिवसांनी आपला 27 फेब्रुवारी आला. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुसुमाग्रजांच्या फोटोचे बावीस मेसेज, त्यातले चौदा एकच. मीही एक पुढं ढकलला होता.

*

बागेचं नाव ज्याच्यावरनं पडलं तो अल्ताब अली पंचविशीच्या आतबाहेरचा कारागीर. कपड्यांच्या कारखान्यात कामाला. 4 मे 1978 ला काम संपवून घरी चालला होता, तिथंच जवळ अॅडलर स्ट्रीटवर तीन पोरांनी त्याला भोसकलं. ओळख ना देख. तो काळ तसाच होता, रंग बघून मारहाण. दहा दिवसांनी, 14 मे ला, सुमारे सात हजार माणसं त्याच्या शवपेटीमागनं चालत पंतप्रधानांच्या घरापर्यंत गेली. चाचा त्या मोर्चात होते, एकोणीस वर्षांचे. तोवर हे लोक मान खाली घालून कामाला जायचे आणि यायचे, असं ते म्हणतात. 1998 मध्ये बागेला त्याचं नाव मिळालं. मी 4 मे ला तिथं परत गेलो. फुलं ठेवलेली होती. एक पोरगा मिनाराच्या पायरीवर बसून डब्यातला भात खात होता, त्याला काही त्या दिवसाचं असेल असं वाटलं नाही.

ब्रिक लेनबद्दल फार लिहीत नाही, तिथं सगळेच जातात. रांगेनं हॉटेलं, दारात उभा राहून आत ओढणारी माणसं, आपल्या महाद्वार रोडला साडीवाले ओढतात तसं. पण फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची एक इमारत बघण्यासारखी. 1743 मध्ये फ्रान्समधनं पळून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी बांधलेलं ते प्रार्थनाघर. पुढं मेथडिस्ट आले. 1898 मध्ये रशिया-पोलंडकडनं आलेल्या ज्यूंनी त्याचं सिनेगॉग केलं. 1976 पासून मशीद. भिंती त्याच. वर सूर्यघड्याळ आहे, त्याच्यावर लॅटिनमध्ये 'आम्ही सावली आहोत' असं लिहिलेलं. मी तिथं ढगाळ दिवशी गेलो होतो, त्यामुळं घड्याळावर काहीच नव्हतं.

पाडव्याची मात्र गंमत सांगितलीच पाहिजे. 30 मार्चला रविवारी गुढीपाडवा. त्याच दिवशी तिथल्या बऱ्याच मशिदींनी ईद धरली, काहींनी दुसऱ्या दिवशी. आणि त्याच पहाटे इंग्लंडातली सगळी घड्याळं एक तास पुढं सरकली, उन्हाळ्याची वेळ लागली म्हणून. मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी माझ्या हातातल्या घड्याळानं सकाळी सातला गुढी उभी करतोय, पडद्याची दांडी, लेकीची पैठणी, वर तांब्या, तेव्हा तिथं आठ वाजलेले. खाली रस्त्यावर नवे पांढरे झब्बे घालून माणसं नमाजाला निघालेली. शेजारच्या सिल्हेटी बाई वाटीत शेवया घेऊन आल्या, खिडकीकडं बघून विचारलं, तांब्या उलटा का लावलाय? मंडळींनी मराठीतनं सांगितलं, त्यांनी सिल्हेटीतनं ऐकलं, दोघींचं समाधान झालं. त्या शेवया आमच्याकडच्या शिरखुर्म्यापेक्षा घट्ट. आम्ही पुरणपोळी दिली. पोळीबरोबर मंडळींनी कटाची आमटी पण दिली, आपली चटणी घालून. पुण्याची माणसं तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आदल्या रात्री ती आमटी फोडणीला टाकली तेव्हा घरातला धुराचा भोंगा वाजायला लागला होता आणि जावई टॉवेल घेऊन छताला वारा घालत होते. मला दादाचं मोहरीचं तेल आठवलं. मंडळींनाही आठवलं असणार, कारण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

14 एप्रिलला बंगाली वर्ष 1432 लागलं. चाचांनी नवी लाल वही काढली, त्याला 'हालखाता' म्हणतात. जुनी उधारी मिटवायची, गिऱ्हाइकाला मिठाई द्यायची. आपलं वहीपूजनच. ढाक्यात काय, कोलकात्यात काय, ही रीत सराफांनी अजून धरून ठेवली आहे, हे ऐकून जातभाई भेटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, आमच्याकडचे कारागीर 15 तारखेला करतात. चाचा म्हणाले, बांगलादेशानं पंचांग सुधारून 14 पक्की केली, हिंदुस्थानातले बंगाली जुन्यावर चालतात. आणि लंडनचा मोठा वैशाखी मेळा? तो ऊन पडल्यावर, मे-जूनकडं. एप्रिलच्या पावसात कोण नाचणार? एका नव्या वर्षाच्या तीन तारखा, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

लेकीच्या इस्पितळात कोलकात्याची एक मुलगी आहे. ती राहते लांब, मासे घ्यायला मात्र व्हाइटचॅपलला येते. फ्रीजरमधला हिल्सा काढून पोटावर बोट दाबून बघते, दगडाला दाबल्यासारखं. त्या माशाचा पौंडातला भाव मी मनात 110 नं गुणला आणि गप्प बसलो. ती आधी दोन वर्षं अमेरिकेत होती. तिथली दुर्गापूजा शनिवार-रविवारी, शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. तिथी असेल मंगळवारी, पूजा शनिवारी. शुक्रवारी रात्री षष्ठी, शनिवारी सकाळी सप्तमी, दुपारी अष्टमी, रविवारी दशमी. मूर्ती कोलकात्याच्या मूर्तिकारांच्या कुमारटुलीहून महिने आधी जहाजानं येते, शोल्याची, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची, नाहीतर फायबरची, आणि विसर्जन नाही. पूजा झाली की देवी खोक्यात, खोकं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, पुढच्या वर्षी परत. लंडनमध्ये कॅम्डेनची पूजा सगळ्यांत जुनी, 1963 पासूनची.

मी तिला विचारलं, "मग अष्टमीला दुपारी बाराला काय असतं? आमचा कारागीर म्हणत होता, नंतर होत नाही."

ती म्हणाली, "काका, ती संधिपूजा. अष्टमीची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24. एकूण 48. बाकी सगळं इकडं-तिकडं केलेलं चालतं. आमच्याकडं तर ती वेळ अमेरिकेच्या घड्याळानं धरायची का कोलकात्याच्या, ह्याच्यावर भांडणं होतात. 108 दिवे लावायचे, 108 कमळं. माझी आई त्या 48 मिनिटांत पाणी पण पीत नाही. तुमच्याकडं ती वेळ दुपारी होती ना? मला आठवतंय, मी रजा घेऊन फोनवर बघितली."

रजा घेऊन.

*

मेच्या मध्यावर परत आलो. दादाला चाचांकडचा चहाचा डबा दिला आणि 'बाला नि?' म्हणालो. तो म्हणाला, "ये क्या बोला? सिलेटी? मालिक, ये मत बोलना बाहर." मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी बंगाली बोलणाऱ्या मजुरांना थांबवून बांगलादेशी आहेस का म्हणून कागद विचारल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या हावड्याच्या पोराला एका घरमालकानं खोली सोडायला सांगितली, आधार कार्ड, मतदार ओळखपत्र सगळं दाखवून झाल्यावर. आणि एक दिवस मी वर गेलो तर सगळ्यांत धाकटा, दासपूरचा, आईशी फोनवर हिंदीत बोलत होता. "हाँ माँ. खाया. ठीक है." पलीकडनं बंगाली ऐकू येत होतं. मी विचारलं, आईला हिंदी येते? म्हणाला, नाही. नुकताच एस.टी. स्टँडवर कुणीतरी हटकलं होतं, तेव्हापासनं सवय लागली.

मी त्याला काय सांगणार होतो? पाटीचा फोटो मोबाईलमध्ये होता, व्हाइटचॅपलचा. दाखवला. त्यानं मोठा करून वाचला, "होयाइटचॅपेल", आणि पुन्हा कामाला लागला.

खोलीचं बघितलं. आमच्याच मागच्या बाजूची दिली. ह्यात उपकार काही नाही, भाडं घेतो.

त्या वर्षी, 2025 मध्ये, अष्टमी 30 सप्टेंबरला, मंगळवारी. ऑगस्टमध्येच मी दादाला विचारलं, संधिपूजा किती वाजता? तो माझ्याकडं बघत राहिला. शब्द मी उच्चारला म्हणून. संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणाला. मी म्हटलं, दुपारपासून सगळे जा. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं, गिऱ्हाईक तसंही कमी असेल, असं मीच मला समजावलं. नव्हतं कमी.

त्यांच्या मांडवात मी पहिल्यांदाच गेलो, 26 वर्षांत. मूर्ती आपल्या कुंभारानं घडवलेली, त्यामुळं दुर्गेच्या चेहऱ्यावर अंबाबाईची छाप. डोळे तेवढे पोरांनी स्वतः रंगवले होते, कानापर्यंत गेलेले. बाजूला लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणपती. दादानं मंडळींना मराठीत समजावलं की ही देवी लेकरं घेऊन चार दिवस बापाच्या घरी येते, दशमीला सासरी जाते, तेव्हा बायका रडतात. मंडळी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गौरीच की. आधी नाही सांगितलंस?" कमळं 108 मिळाली नव्हती. चाळीसएक होती, बाकी झेंडू. दिवे मात्र मोजून 108. आमच्या मंडळींनी त्यातले दहा-बारा लावले. धाकट्यानं फोन समोर धरलेला, पलीकडं त्याची आई. तिच्याशी तो बंगालीत बोलत होता, मोठ्यानं. ढाक नावाच्या त्यांच्या ढोलाचा आवाज एवढा होता की मोठ्यानं बोलावंच लागत होतं.

रात्री अंबाबाईचं वाहन नगरप्रदक्षिणेला निघालं, गुजरीत रांगोळ्या, दिवे, फटाके. तेव्हा पोरं दुकानाच्या पायरीवर उभी राहून हात जोडत होती. मांडवातनं थेट आली होती.

आता ठुशीचं. एका बाईंची ठुशी मंगळवारी संध्याकाळी द्यायची कबूल केलेली होती, एक डाग, म्हणजे सोन्याचा जोड, द्यायचा राहिला होता, मागच्या कडीपाशी. त्या साडेचारला येऊन बसल्या आणि उठेनात. मी म्हटलं, कारागीर पूजेला जाणार. त्या म्हणाल्या, मग तुम्ही कसले सोनार? लागलं मनाला. वर गेलो, वीस वर्षांनी गॅस पेटवला, चिमटा धरला, चष्मा सारखा केला. डाग दिला. बोट भाजलं. बाई ठुशी घालून गेल्या, आणि मी मांडवात.

शुक्रवारी त्या परत आल्या. कडी हलते म्हणे. दादानं भिंग लावून बघितलं, माझ्या बोटाच्या पट्टीकडं बघितलं, आणि काही न बोलता माझा डाग वितळवून काढून टाकला. बाईंना म्हणाला, मराठीत, "बसा काकू, पाच मिनिटं." मग माझ्याकडं वळून, तेही मराठीतच: "पुढच्या वर्षी सांगा मला. मी आधी करून जाईन."